जखम वडिलांची, कळ मुलीची

यवतमाळ जिल्ह्यातील एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वडिलांना बारा वर्षांपासून शुगर आहे. तीन महिन्यांपूर्वी वावरात पऱ्हाटीचे धसकट चपलेतून आत शिरले आणि तळपायाला झालेली जखम अजून भरलेली नाही. रोजची पट्टी ताईच बदलतात. पट्टीचा शेवटचा वेढा सुटला, की त्यांच्या स्वतःच्या तळपायातून कळ निघते, बोटे आखडतात, कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्यांचा पाय आहे ते वडील मात्र “मले तं काईच होत नाई” म्हणून छताकडे पाहत बसतात. धाकट्या भावाची दोन बोटे काही वर्षांपूर्वी थ्रेशरमध्ये गेली होती. तो म्हणतो, “म्या एवढं सोसलं, तोंडातून शब्द काढला नाई, अन् हिले नुसतं पाहूनच दुखते.” ताई विचारतात, की ही कळ खरी आहे की मनाचे खेळ? ज्याने स्वतः सोसले त्यालाच दुसऱ्याचे कळते असे म्हणतात, मग भाऊ असा कोरडा कसा? आणि उद्याची पट्टी मी कशी बदलू?

प्रश्न तीन दिसत असले, तरी त्यांच्या बुडाशी एकच समजूत आहे असे मला वाटते. दुसऱ्याचे दुखणे पाहून आपल्याला जेवढा त्रास होतो, तेवढेच त्याला दुखत असणार, म्हणजे आपला त्रास हे त्याच्या वेदनेचे माप आहे, ही ती समजूत. ताईंना कळ येते म्हणून वडिलांच्या “काईच होत नाई” या शब्दांवर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि भावाला काही होत नाही म्हणून त्याच्या लेखी तिथे दुखण्यासारखे काही नसतेच. दोघेही आपापल्या अंगावरून वडिलांचा पाय मोजत आहेत. माझे उत्तर असे, की ताई, तुमची कळ खरी आहे, पण ती तुमची आहे. वडिलांच्या पायात काय चालले आहे, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो.

मी डॉक्टर नाही. कुष्ठरोगाच्या कामात तंत्रज्ञ म्हणून एकतीस वर्षे वर्धा, चंद्रपूर आणि यवतमाळ या पट्ट्यात फिरलो, आणि त्यातली बहुतेक वर्षे ज्यांना आपल्या हातापायांचे दुखणे जाणवत नाही अशा माणसांच्या जखमा धुण्यात गेली. मधुमेहातील बधिर पाय आणि कुष्ठरोगातील बधिर पाय यांत पुष्कळ साम्य असले तरी ते एक नव्हेत, त्यामुळे जिथे फरक आहे तिथे तो सांगेन. मेंदूविषयी जे लिहितो आहे ते वाचलेले आहे, अनुभवलेले नाही, हेही आधीच कबूल करतो.

वेदना ही एकसंध वस्तू नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 साली केलेली आणि 2020 साली सुधारलेली व्याख्या तिला संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अप्रिय अनुभव मानते. आपल्या भाषेत हे दोन पदर आधीपासूनच वेगळे ठेवलेले आहेत. ठणका, कळ, चमक, सल, आग, मुंग्या, ठसठस हे शब्द कुठे, कसे आणि किती दुखते ते सांगतात. जीव नकोसा होणे, कासावीस होणे, जीव टांगणीला लागणे हे शब्द त्या दुखण्याने माणसाचे काय झाले ते सांगतात. तपासताना मी रुग्णाकडून दोन्ही प्रकारचे शब्द काढून घेत असे, कारण ठणका कमी झाला तरी जीव नकोसा राहू शकतो, आणि उलटही घडते.

दुसऱ्याचे दुखणे पाहताना यातला कोणता पदर आपल्याकडे येतो? लंडनमध्ये तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली सोळा जोडप्यांवर एक प्रयोग केला. स्त्री मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपलेली आणि तिचा जोडीदार शेजारी बसलेला. कधी तिच्या हाताला विजेचा झटका दिला जाई, कधी त्याच्या, आणि आता पाळी कोणाची हे तिला एका खुणेवरून कळे. स्वतःला झटका बसताना तिच्या मेंदूतील दोन्ही पदरांचे भाग जागे झाले. जोडीदाराला बसताना मात्र दुखण्याच्या नकोसेपणाशी निगडित भाग जागे झाले, आणि हाताला नेमके कुठे, किती लागले हे नोंदवणारे भाग तसे झाले नाहीत. थोडक्यात, जीव नकोसा होणे आपल्याकडे येते, ठणका त्याचा त्याच्याकडेच राहतो.

यावरून पुष्कळ लोकांनी घाईने असा निष्कर्ष काढला, की दुसऱ्याची वेदना आणि आपली वेदना मेंदूच्या दृष्टीने एकच. ते तितके सरळ नाही. मेंदूतला तोच भाग दोन वेळा जागा झाला, म्हणजे दोन्ही वेळा त्याने तेच काम केले असे होत नाही. वाड्याच्या एकाच खोलीत रोज दिवा दिसला, तरी आत एक दिवस लग्नाची बोलणी असू शकतात आणि दुसऱ्या दिवशी वाटणीचे भांडण. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नुसते भाग न पाहता त्यांतील हालचालीची बारीक नक्षी तपासली गेली, तेव्हा स्वतःच्या वेदनेची नक्षी आणि दुसऱ्याची वेदना पाहतानाची नक्षी वेगवेगळ्या निघाल्या. शेजारधर्म आहे, पण घर एक नाही, एवढेच सध्या म्हणता येते.

तरीही दोन्ही घरांमध्ये काहीतरी सामायिक भिंत आहे, हे एका वेगळ्या वाटेने पुढे आले. व्हिएन्नामध्ये 2015 साली काही लोकांना औषधी गुण नसलेली गोळी प्रभावी वेदनाशामक म्हणून देण्यात आली. त्या विश्वासाने त्यांचे स्वतःचे दुखणे कमी झाले, आणि त्याबरोबर समोरच्याच्या दुखण्याविषयीची त्यांची जाणीवही बोथट झाली. शरीरात तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर हे दोन्ही बदल नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ओहायो येथे हजार मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घेतलेल्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांच्या दुखापतींच्या हकिकती वाचून त्यांच्या वेदनेला इतरांपेक्षा कमी गुण दिले. (हे वाचून घरातल्या कोणाची तापाची गोळी कृपया बंद करू नका. परिणाम लहान आहे आणि प्रयोगशाळेतला आहे.) उलट दिशेनेही असेच दिसते. कॅनडात 2008 साली ज्यांच्या मनात समोरच्या माणसाविषयी कळवळा निर्माण केला गेला, त्यांना त्याच्याकडे पाहत असताना स्वतःच्या त्वचेला दिलेला चटका अधिक तीव्र वाटला. ताई, कापूस वेचून तुमची स्वतःची कंबर धरलेली असते त्या दिवशी पट्टी बदलणे जास्त जड जाते का, ते आठवून पाहा. जात असेल, तर त्यात नवल नाही.

आता नेमकी तळपायातच कळ का येते? ठणका त्याचा त्याच्याकडे राहतो असे मी वर म्हटले, पण सगळ्यांच्या बाबतीत ते तंतोतंत खरे नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात 2010 साली लोकांना दुखापतीची चित्रे दाखवली असता सुमारे एक-तृतीयांश जणांनी स्वतःच्या शरीरात, आणि बहुधा चित्रातल्याच जागी, काहीतरी दुखल्याचे सांगितले. त्याशिवाय अगदी थोडी माणसे अशी असतात, की दुसऱ्याच्या गालाला झालेला स्पर्श त्यांना स्वतःच्या गालावर जाणवतो. माझ्या पाहण्यातली एक साधी गोष्टही यात भर घालते. जखम उघडताना नातेवाइकांकडे लक्ष देऊन पाहिले, तर ते श्वास रोखून धरतात, पायाची बोटे आत ओढतात, पोटऱ्या ताठ करतात. पाच मिनिटे ताठ धरलेल्या पायात काहीतरी जाणवणारच. म्हणून ही कळ नाटक नाही, आजारही नाही. मात्र अंधारी येत असेल तर पट्टी उकिडवे बसून किंवा उभ्याने बदलू नका. वडिलांना बाजेवर बसवा आणि स्वतः पाटावर, पाठीला आधार घेऊन बसा. चक्कर येऊन जखमेवर पडलेले दोन नातेवाईक मी पाहिले आहेत.

इथपर्यंतचे पुस्तकी झाले. आता ज्यांच्यामध्ये मी आयुष्य काढले त्यांच्याविषयी सांगतो.

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेजवळच्या नसांमध्ये शिरतात आणि स्पर्श, उष्णता, वेदना यांची जाणीव नाहीशी होते. बोटे रोगाने झडतात असा समज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होता. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे झडत नाहीत, ती जाणीव नसल्यामुळे रोजच्या कामात थोडी थोडी संपवली जातात. चुलीवरचे भगुले उचलताना, विडी शेवटपर्यंत ओढताना, खिळा टोचलेल्या चपलेने आठवडी बाजार करून येताना. रात्री झोपेत उंदराने बोट कुरतडलेले सकाळी रक्त पाहून कळलेले रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. ब्रँड यांनी पुढे धोका ओळखून इशारा देणारे यंत्र बसवून कृत्रिम वेदना निर्माण करता येईल का, याचे प्रयत्न केले. ते फसले, आणि त्याचे एक कारण फार शिकवणारे आहे. इशारा किंवा झटका मिळाला, की माणूस काम थांबवण्याऐवजी यंत्र बंद करून काम पुरे करीत असे. जी वेदना आपल्या मर्जीने बंद करता येते, तिचे आपण ऐकत नाही. दुसऱ्याच्या दुखण्याने आपल्याला होणारा त्रास तसाच आहे. नजर वळवली की तो थांबतो. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

मग ज्यांना वेदना जाणवत नाही, त्यांना दुसऱ्याची वेदना कळते का? फ्रान्समध्ये 2006 साली जन्मतःच वेदना न जाणवणाऱ्या बारा जणांची तपासणी झाली. नुसते प्रसंगाचे वर्णन ऐकून किंवा दुखापत पाहून तिथे किती दुखले असेल, हा त्यांचा अंदाज इतरांपेक्षा कमी पडत होता आणि माणसागणिक बदलत होता. पण दुखणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवला, की इतरांइतकेच ते ओळखत होते. माझे रुग्ण असे जन्मतः बधिर नव्हते. बालपणी त्यांनाही काटा लागला होता, विंचू चावला होता, आणि बधिर हातापायांपलीकडचे शरीर जागेच होते, तेव्हा तुलना सावधपणे करतो. तरी एक म्हातारे गृहस्थ मला नेहमी आठवतात. दोन्ही हात कोपरापर्यंत बधिर होते. वसाहतीत कोणाला ताप भरला, कोणाची नस ठणकू लागली, की ते त्याच्या बाजेशी जाऊन बसत, आणि “याचं कोपर बघा, साहेब, हा झोपेत कोपर आंगाखाली घेत नाई,” असे मला सकाळी सांगत. त्यांना कळत होते ते स्वतःला दुखते म्हणून नव्हे, रात्रभर पाहत बसले म्हणून.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. बैलाच्या खांद्यावर जू असते, आपल्या नसते. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीने शेकले जातात, आणि एरवीही बैल ढेपेला तोंड लावत नाही, कान पाडून उभा आहे, उजवा पाय जपून टाकतो आहे, यावरून कुठे काय दुखते हे जाणता गडी सांगतो. त्याच्या स्वतःच्या खांद्यातून कळ निघत नाही. निघाली तर बिचारा नांगरणार कधी?

आता माझी एक चूक सांगतो, कारण ताईंच्या घरी तीच घडत असावी अशी मला शंका आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावात पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांच्या टाचेला मोठी जखम होती आणि टाच पूर्ण बधिर होती. मी बॉलपेनच्या टोकाने तपासले होते, त्यांना डोळे मिटल्यावर एकही स्पर्श दाखवता आला नव्हता. जखमेच्या कडेचा घट्टा खरवडायला लागलो, की त्यांचा मुलगा कळवळायचा, मान फिरवायचा, एकदा तर रडला. मी त्याची समजूत घालायचो, की अरे, आईला काही जाणवत नाही. सलग तीन भेटी असेच चालले. मुलाचे सगळे लक्ष टाचेवर, माझे सगळे लक्ष टाचेवर. चौथ्या भेटीत त्या बाईंनी चहाचा पेला डाव्या हाताने उचलला आणि करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकलेले दिसले. विचारले तेव्हा कळले, की दीड महिन्यापासून डाव्या कोपराची नस रात्री ठणकत होती आणि झोप लागत नव्हती. “तुम्ही पायासाठी येता, म्हणून नाई सांगतलं,” असे त्या म्हणाल्या. नसेची सूज वेळेत ओळखली, तर स्टेरॉइडच्या उपचाराने हात वाचू शकतो. जितका उशीर, तितकी आशा कमी. उपचार झाले, थोडा फरक पडला, बोटे पूर्ण सरळ झाली नाहीत.

त्या मुलाचे आईवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण त्याचा सगळा कळवळा जिथे दुखत नव्हते तिथे खर्च होत होता. डोळ्यांना जे भयंकर दिसते तिथे आपला जीव कासावीस होतो, आणि सूज आलेली नस तर बाहेरून दिसतही नाही. मी तर शिकलेला माणूस होतो, पण मुलाची समजूत घालता घालता मीही आईला “आणखी कुठे दुखते?” असे विचारले नाही.

ताई, तुमच्या वडिलांची जखम बधिर असेलही. परंतु मधुमेहात एक विचित्र प्रकार दिसतो. ज्या पायाला बाहेरचा काटा जाणवत नाही, त्याच पायात आतून, विशेषतः रात्री, आग होते, मुंग्या येतात, चमका निघतात, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. जाणीव वाहून नेणारी नस बिघडली, की ती खरा निरोप देत नाही आणि खोटे निरोप मात्र पाठवत राहते. म्हणून “मले काईच होत नाई” हे पट्टीच्या वेळी खरे असू शकते आणि रात्री दोन वाजता खोटे. पट्टी बदलताना विचारू नका, सकाळी चहाच्या वेळी विचारा, की बाबा, रात्री झोप लागली का, पायांची आग होते का, कितीदा उठलात. तसे असेल तर त्यावर औषधे आहेत, डॉक्टरांना सांगा. आणि छताकडे पाहणाऱ्या माणसाला पायापेक्षा पेरणीची, उधारीची, मुलीला आपला पाय धुवावा लागतो याची वेदना जास्त असू शकते. ती तुमच्या तळपायात उमटणार नाही. विचारल्याशिवाय ती कळायची नाही.

भावाकडे येऊ. “ज्याचे जळते त्याला कळते” आणि “जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे” या म्हणी आपण इतक्या वापरतो, की त्या तपासून पाहायचे राहून जाते. ज्याचे जळते त्याला स्वतःचे जळणे कळते, हे निर्विवाद आहे. शेजाऱ्याचे जळणेही त्यालाच अधिक कळेल, हे मात्र तितके खरे नाही. 2015 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासमालेत असे दिसले, की एखादा कठीण प्रसंग स्वतः निभावून नेलेली माणसे, त्याच प्रसंगात कोलमडणाऱ्याकडे इतरांपेक्षाही कमी कणवेने पाहतात. त्याची दोन कारणे सांगितली गेली. एक म्हणजे वेदना ओसरल्यावर ती नेमकी किती होती हे आठवत नाही, ‘सोसले’ एवढेच आठवते. दुसरे म्हणजे आपण त्यातून बाहेर पडलो याची आठवण मात्र पक्की असते, त्यामुळे दुसऱ्यालाही ते जमायला हवे असे वाटते. माझ्या अनुभवात याची दुसरी बाजूही आहे. एका कुष्ठमुक्त बाईंइतक्या हळुवारपणे नव्या रुग्णाशी बोलणारे मी कोणी पाहिले नाही. सोसण्याने माणूस कोणत्या बाजूला झुकेल, हे त्या वेळी त्याला कोणी जवळ घेतले होते की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असावे, असा माझा अंदाज आहे. तो अंदाजच समजा. तुमच्या भावाने तोंडातून शब्द काढला नाही हे तो अभिमानाने सांगतो. काढला असता तर तेव्हा कोणी ऐकले असते का, हे त्याला एकदा विचारून पाहा.

कोरडेपणाचा आणखी एक प्रकार असतो, तो माझा. तैवानमध्ये 2007 साली सुया टोचून उपचार करणाऱ्यांना सुई टोचल्याची दृश्ये दाखवली, तर सामान्य लोकांत जागे होणारे नकोसेपणाचे भाग त्यांच्या मेंदूत तसे जागे झाले नाहीत. कामाची सवय लागली, की असे होते आणि व्हायलाही हवे, कारण हात थरथरला तर पट्टी नीट बसत नाही. पण तळपायाला घट्टा पडतो तो खालच्या मांसाचे रक्षण व्हावे म्हणून, आणि तो वाढत गेला तर त्याच्याच दाबाने आत जखम होते. सेवेच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी माझ्या मनाची अवस्था तशी झाली होती. रुग्णाच्या पायाशी बोलायचो, रुग्णाशी नाही. घट्टा वेळोवेळी खरवडावा लागतो. मी त्यासाठी एक नियम केला, की हातमोजे घालण्याआधी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून पायाशी संबंध नसलेला एक प्रश्न विचारायचा.

उद्याच्या पट्टीचे काय? त्याआधी त्रासाने माणूस कुठल्या दिशेने जातो ते पाहू. वरोऱ्याला पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून बाबा आमटे पहिल्यांदा घाबरून तेथून दूर गेले होते, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. परत फिरले ते नंतर, आणि त्या परत फिरण्यातून पुढे 1949 साली आनंदवन उभे राहिले. भयंकर जखम पाहून आधी पाय मागे सरकणे, ही एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीतही घडलेली गोष्ट आहे. अमेरिकेत कॅन्सस येथे डॅनियल बॅटसन यांनी 1981 साली याचीच परीक्षा घेतली. एका तरुणीला विजेचे झटके बसत असल्याचे लोकांना दाखवले आणि तिची जागा घेता का, असे विचारले. ज्यांच्या मनात मुख्यतः स्वतःची अस्वस्थता होती, ते निघून जाण्याची सोय असली की निघून जात. ज्यांच्या मनात तिच्याविषयी काळजी होती, ते जाण्याची सोय असूनही तिची जागा घ्यायला तयार होत. म्हणजे त्रास किती होतो यापेक्षा तो कोणाभोवती फिरतो, हे महत्त्वाचे ठरले. नजर वळवली की थांबणाऱ्या वेदनेविषयी वर म्हटले होते, ते इथे लागू पडते.

हे वळवता येते, आणि त्यासाठी संत असावे लागत नाही. 2007 सालच्या एका अभ्यासात लोकांना वेदनेत असलेल्या माणसाचे चित्रीकरण दाखवून, एकदा “हे मला होत असते तर” अशी आणि एकदा “याला काय होत असेल” अशी कल्पना करायला सांगितले. पहिल्या कल्पनेने स्वतःची घालमेल वाढली, दुसऱ्या कल्पनेने समोरच्याविषयीची काळजी वाढली. ताई, पट्टी सुटताना तुम्ही बहुधा पहिले करता. तुमच्या मनात तो पाय तुमचा होतो. उद्या जखम उघडण्याआधी दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवा, श्वास सोडा, आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांच्याशी बोला. मग पायाकडे वळा आणि त्याच्याकडे कामासारखे पाहा. कालपेक्षा कड लाल आहे का, सूज वाढली का, वास येतो का, काळे काही दिसते का, पाय दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो का, हे मोठ्याने सांगा आणि वडिलांना ऐकू द्या. बधिर पायाच्या माणसाला आपला पाय परका वाटू लागतो, आणि कोणीतरी त्याविषयी रोज सांगत राहिले तर तो पुन्हा थोडा त्याचा होतो. पहिले आठ-दहा दिवस कळ येईल, मग ती मागे पडेल. ती पूर्ण गेलीच पाहिजे असेही नाही.

उपचाराविषयी थोडेच सांगतो. तीन महिने न भरलेली जखम घरच्या पट्टीवर ठेवण्याची नसते. हाडापर्यंत जंतू गेले आहेत का आणि पायाचा रक्तपुरवठा कसा आहे, हे तपासण्यासाठी या आठवड्यातच मोठ्या रुग्णालयात न्या, आणि ताप आला किंवा पाय काळा पडू लागला तर त्याच दिवशी. कुष्ठरोगाच्या रुग्णांना आम्ही रोज पाय पाण्यात भिजवायला सांगत असू. मधुमेहात तसे करू नका, आणि शेक तर अजिबात देऊ नका. जखम भरायची असेल तर त्या पायावर भार पडता कामा नये, नुसत्या मलमाने ती भरत नाही. वैशाखात तापलेल्या अंगणातून चार पावले अनवाणी गेल्यानेही बधिर तळव्याला फोड येतात.

यातले एक काम मी भावाला देईन. वडील उठण्याआधी त्यांच्या चपलेत हात घालून खडा, काटा, वर आलेला खिळा आहे का हे पाहणे, आणि तळव्यातून काही आरपार आले आहे का हे बोटांनी चाचपणे. थ्रेशरमध्ये हात गेलेल्या माणसाला धारदार वस्तू कुठे दडून बसते, हे तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असेल, आणि उरलेल्या तीन बोटांनी हे काम उत्तम होते.